आधी पाणी, मागसून आम्ल

मे महिना लागला की आमच्या हायस्कुलाच्या मागून काच फुटल्याचा आवाज येऊ लागे. सुट्टी असे, मुलं घरी असत. गावातल्या बायका रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून त्यांची सालं मिठात घालण्यात गुंतलेल्या असत. अशा वेळी दुपारच्या शांततेत तो आवाज खाडीपर्यंत जाई. घरोघरी बायका हात थांबवून एकमेकींकडे बघत आणि कोणीतरी म्हणे, "फोडल्यान गो फोडल्यान! बघा, मास्तरान परत एक फोडल्यान!"

बाटल्या फोडणारे ते मास्तर म्हणजे आमचे नाबर सर. हायस्कुलात ते रसायन शिकवीत. प्रयोगशाळेत वर्षभरात ज्या आम्लाच्या बाटल्या रिकाम्या होत, त्या ते मागच्या काजूखालच्या खड्ड्यात स्वतःच्या हाताने फोडीत आणि वर माती लोटीत. आज हे वाचणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण एकोणीसशे पन्नास-साठच्या त्या काळात मालवण आणि देवगडच्या मधल्या आमच्या गावात काचेची बाटली ही फार मोठी वस्तू होती. कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला घट्ट रस, पत्र्याच्या डब्यात टिकत नाही, मिठाने डबा खाल्ला जातो. मातीची बरणी पाझरते. जाड काचेची, घट्ट बुचाची मोठी बाटली ज्या घरात असे, त्या घरातलं आगळ पुढच्या मे महिन्यापर्यंत टिके. अशा बाटल्या एखादा माणूस दगडाने फोडतो, हे आमच्या गावाला अन्नाची नासाडी केल्यासारखंच वाटे.

सरांचं उत्तर ठरलेलं असे. "रिकामी बाटली कधी रिकामी नसते," ते म्हणत. एवढंच. पुढे समजावून सांगायला ते थांबत नसत, आणि समजून घ्यायलाही कोणी थांबत नसे.

सर वेंगुर्ल्याकडचे. उंच, किंचित वाकलेले. धोतर, बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या बाह्यांवर बारीक बारीक भोकं. ती भोकं आम्लाच्या शिंतोड्यांची. नवीन मुलगा आला की ते त्याला आपली बाही दाखवून विचारीत, "ही कशानं पडली?" मुलगा म्हणे, "कसरीनं." सर म्हणत, "कसर बरी. ती फक्त लोकर खाते." त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची कातडी गुळगुळीत, चकाकणारी होती. ती कशी झाली हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही आपापसात पुष्कळ गोष्टी रचल्या होत्या, पण विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. ती बांधून दिली होती भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष; त्यांची मालवाहू गलबतं होती, कलमांच्या बागा होत्या, आणि शाळा आपल्या घराचाच एक भाग आहे असं त्यांच्या घरातल्या गड्यामाणसांपर्यंत सगळ्यांना वाटे. आसपासच्या गावांत दुसऱ्या कुठल्याच शाळेत अशी खोली नव्हती. प्रयोग करून अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, बसायचं तर पोरांना एक तर मालवण गाठावं लागे, नाहीतर शास्त्र सोडावं लागे. माझे वडील लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडून देत. मला मालवणात ठेवण्याची त्यांची ऐपत नव्हती. ती खोली नसती तर मी पदवीधर झाले नसते, हे मला आजही रोज आठवतं.

सरांनाही ते ठाऊक होतं. त्यांच्या मनात एकच धास्ती असे आणि ती ते आम्हाला दर वर्षी पहिल्या दिवशी बोलून दाखवीत. "तुमच्यापैकी एखाद्याला भाजलं तर दोन नुकसानं होतील. एक त्याचं. दुसरं तुमच्या मागून येणाऱ्या सगळ्यांचं. कारण लोक म्हणतील, बंद करा ती खोली. आणि एकदा बंद झालेली खोली आपल्याकडे उघडत नाही."

म्हणून त्या खोलीत शिरण्याचे त्यांचे नियम देवळापेक्षा कडक होते. दाराशी पाण्याची दगडी दोण होती, ती सकाळी काठोकाठ भरलेली पाहिजे. मुलींच्या वेण्या वर बांधलेल्या पाहिजेत. नाकाजवळ काही न्यायचं नाही, तोंडाजवळ तर नाहीच. खोलीतून आलेली कुठलीही वस्तू ओठाला लागता कामा नये, मग ते धुतलेलं भांडं का असेना. आणि अनवाणी आत यायचं नाही. हा शेवटचा नियम ऐकून पहिल्या दिवशी आमच्यातले निम्मे दाराबाहेरच उभे राहिले, कारण आमच्या पायांत कधी काही नसेच. सरांनी ते आधीच ओळखलं होतं. त्यांनी गावच्या चांभाराकडून ट्रकच्या जुन्या टायरच्या वहाणा करवून घेऊन दाराशी रांगेने मांडल्या होत्या. सगळ्या मोठ्या मापाच्या. त्या घालून चालताना आम्ही बदकासारखे दिसत असू. माझ्या पायात आयुष्यातली पहिली वहाण आली ती प्रयोगशाळेत, आणि तास संपला की ती काढून ठेवून मी पुन्हा अनवाणी घरी जात असे.

आम्ल यायचं मुंबईहून. पावसाळ्याआधी गलबत बंदराला लागे आणि गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांची पेटी बैलगाडीने शाळेत येई. सर बंदरापासून गाडीबरोबर चालत येत. स्वतः बसत नसत, दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. एकदा गाडीवान म्हणाला, "मास्तरानू, उन्हात चलतास कित्याक? मागे बसा की." सर म्हणाले, "हिच्या शेजारी झोप येता काय तुका?" गाडीवान हसला, "माका बायलेच्या शेजारी पण झोप येता." सर म्हणाले, "ती भाजणा नाय म्हणान." गाडीवानाने ती गोष्ट गावभर सांगितली आणि शेवटी म्हणे, "मास्तराक माझी बायल म्हायत नाय."

पण सरांची सगळ्यांत मोठी ख्याती होती ती त्यांच्या गाऱ्हाण्याची. आमच्याकडे देवळात गावकर देवापुढे उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक "होय म्हाराजा!" असा एका सुरात जाब देतात. सर एरवी वर्गात शुद्ध पुस्तकी भाषेत शिकवीत. परंतु तीव्र आम्लात पाणी ओतू नये, कारण एकदम उकळी फुटून ते अंगावर उडतं, हे आम्हाला पुस्तकी भाषेत पाठ होईना. परीक्षेत निम्मी मुलं उलटं लिहीत. तेव्हा एके दिवशी सर टेबलामागे उभे राहिले, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू झाले,

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां गंधकाम्लाक हात लावतत म्हाराजा!"

आम्ही चकित. मग कोणीतरी मागून म्हणालं, "होय म्हाराजा!"

"आधी पाणी, मागसून आम्ल, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"थेंब थेंब आणि सावकास, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि कोण शाणो आम्लात पाणी ओतीत, तर?"

"नाय म्हाराजा!"

"अंगावर उडाला तर काय घालशात, म्हाराजा?"

"पाणी म्हाराजा!"

"तेल?"

"नाय म्हाराजा!"

"मुठेल?"

मुठेल म्हणजे कोकमाचं घट्ट तेल. भाजलं, कापलं, टाच फुटली की आमच्या घरात पहिला हात त्याच्या वडीकडे जातो. इथे आम्ही क्षणभर अडखळलो. सर डोळे मोठे करून बघत राहिले.

"नाय म्हाराजा!"

"पाणी किती येळ?"

"डाक्टर येयसर म्हाराजा!"

येयसर म्हणजे येईपर्यंत. त्यानंतर गंधकाम्लाचा प्रयोग असला की आधी गाऱ्हाणं, मग काचेचं सामान, असा क्रमच पडला. गावात ते कळलं. देवळातला गावकर, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, काठी टेकीत शाळेत आला. "मास्तरानू, देवाची चेष्टा करतास?" सरांनी त्याला खुर्ची दिली आणि आम्हाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. म्हातारा डोळे मिटून सगळं ऐकत बसला. संपल्यावर म्हणाला, "शबूद बरे आसत. पण तुमी घायघाय करतास. लांबवन घालूक व्हया. देवाक ऐकाक येळ लागता." आणि त्याने सरांना सूर कुठे ओढायचा ते दाखवलं. तेव्हापासून "मागसून" हा शब्द सर खाडीवरच्या हाकेसारखा लांबवू लागले.

आता पुढचं लिहायचं आहे, ते तितकं सोपं नाही.

शाळेच्या कुंपणाला लागून आनंदीबायचं खोपटं होतं. एकटी विधवा बाई. रातांब्यांचं आगळ करायची आणि बंदरावर गलबतवाल्यांना विकायची. त्यावर तिचं वर्ष निघे. मी दहावीत होते त्या वर्षीच्या मे महिन्यात तिची बरणी फुटली. दुसरी मिळेना. ती रोज दुपारी येऊन शाळेच्या पायरीवर बसू लागली. सर सुट्टीतही येत असत. मी आणि माझी वर्गमैत्रीण शालिनी अकरावीची तयारी म्हणून त्यांच्याकडे गणित करायला जात असू, त्यामुळे पायरीवरचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

"मास्तरानू, एक बाटली दिलास तर तुमचा काय जाता?"

"आनंदीबाय, ती विषाची बाटली आसा."

"विषाची कशी? रिकामी तर आसा. फोडूक देव हात देता, माका देवूक देणा नाय?"

"रिकामी बाटली—"

"रिकामी नसता, रिकामी नसता! माझा पोट मातर रिकामा आसा, ता दिसना नाय तुमका. काच फोडतास, तुमचा काळीज कधी फुटतला?"

सर आत गेले. त्या दिवशी त्यांनी आमचं गणित चुकीचं तपासलं.

नंतर त्यांनी एक बाटली काढली. तळाचा अंश त्यांनी मातीच्या मोठ्या भांड्यातल्या पाण्यात हळूहळू सोडला. मग धुण्याचा सोडा घालून फेस येणं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली. मग बाटली पुन्हा पुन्हा धुऊन पाण्यात बुडवून ठेवली, रोज पाणी बदललं. हे सगळं आत, प्रयोगशाळेत चाललं होतं; आम्हालाही ते नंतरच कळलं. शाळेच्या शिपायाने, बाबल्याने, फक्त पाण्याचे हंडे दाराशी आणून ठेवले. सगळं झाल्यावर ते बाटली घेऊन पायरीवर आले. आनंदीबाय होती, बाबलो होता, बंदरावरून येणारे दोघंतिघं थांबले होते. आनंदीबायने बाटली हातात घेतली, पण आता तिच्याच मनात किंतु आला. "मास्तरानू, खरांच काय होवचा नाय मा? माझा आगळ लोक पितत."

सरांनी बाटली परत घेतली, कळशीतलं पाणी तिच्यात ओतलं, आणि आमच्यादेखत बाटलीला तोंड लावून घटाघट प्यायले.

शालिनीने माझा हात घट्ट धरला. ओठाला काही लावायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. पण आनंदीबायच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून आम्हीही हसलो. सरही हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. मास्तरांनी बाटली दिली. आनंदीबायला दिली. तोंड लावून पाणीसुद्धा प्यायले. म्हणजे इतकी वर्षं विष विष म्हणत होते ते काहीच नव्हतं, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. आणि आणखीही एक अर्थ लावला. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीत मान कोणाचा पहिला हे ठरलेलं असतं. जत्रेतला नारळ असो की पहिल्या आंब्याची पेटी. कुंपणाकडच्या आनंदीला शाळेची बाटली मिळाली आणि ज्यांनी प्रयोगशाळा बांधून दिली त्यांच्या घरात नाही, हे भाऊसाहेबांच्या माणसांना खटकलं.

आठवडा झाला नसेल, सर आम्लाच्या पेटीच्या चौकशीला बंदरावर गेले होते. भाऊसाहेबांचा गडी शाळेत आला आणि बाबल्याला म्हणाला, "माईंका आगळाक एक बाटली व्हयी. बरीशी मोठी बघ." माई म्हणजे भाऊसाहेबांची पत्नी, शालिनीची चुलती; शालिनी त्यांच्याच घरात राही. बाबलो मनाने सरळ माणूस. सरांनी परवानगी दिलेली नाही हे त्याला ठाऊक होतं, पण अध्यक्षांच्या घराला नाही म्हणण्याची त्याला कल्पनाही करता येत नव्हती. रिकाम्या बाटल्या ठेवलेल्या मागच्या कोठडीची किल्ली त्याच्याकडे असे. त्याने सगळ्यांत देखणी, तपकिरी काचेची बाटली निवडली. तिच्यावर सरांनी हाताने रंगवलेली तांबडी कवटी चिकटवलेली होती. अशी कवटी माईंच्या घरात कशी पाठवायची? बाबल्याने कागद भिजवून खरवडून काढला, राखेने बाटली बाहेरून घासली, लखलखीत केली आणि गड्याच्या हाती दिली.

त्या बाटलीच्या तळाशी बोटभर काळपट, तेलासारखं आम्ल होतं. खराब झालं म्हणून सरांनी ते वेगळं ठेवलं होतं, सावकाश नष्ट करायचं म्हणून. तपकिरी काचेतून ते दिसत नव्हतं.

आगळाची भांडी माई दुसऱ्या कोणाला धुऊ देत नसत. त्या दिवशी मी शालिनीकडे होते. आम्ही दोघी माजघरात पुस्तकं घेऊन बसलो होतो. माईंनी चुलीवरचं उकळतं पाणी आणलं, विहिरीच्या कट्ट्यावर बाटली ठेवली, पाणी ओतलं आणि तळाचा मळ निघाला का ते बघायला त्या वाकल्या.

ती किंकाळी मी कधी विसरणार नाही.

आम्ही धावलो. माई कट्ट्याला टेकून दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसल्या होत्या. शेजारच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "मुठेल हाडा, मुठेल!" दुसरी वडी घेऊन आलीसुद्धा. आणि मग शालिनी, जी वर्गात विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे, ती ओरडली, "हात लावू नका तिका! पाणी! पाणीच व्हया!" तिने काढणा, दोर बांधलेला घडा, विहिरीत सोडला, मी हंडे पुढे केले, आणि ती माईंचे हात बाजूला करून त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिली. माई किंचाळत होत्या, "सोड गो, सोड माका!" बायका शालिनीला शिव्या घालत होत्या. घरातली म्हातारी आजी शालिनीकडे हात करून म्हणाली, "मारतला ह्या चेडू तिका." शालिनी रडत होती आणि ओतत होती. तिचे ओठ हलत होते. ती काय पुटपुटत होती ते मला जवळून ऐकू आलं. "डाक्टर येयसर म्हाराजा. डाक्टर येयसर म्हाराजा."

डॉक्टर आले तेव्हा कट्ट्याभोवती चिखल झाला होता. त्यांनी नंतर भाऊसाहेबांना सांगितलं की या मुलीने पाणी थांबवलं असतं तर दोन्ही डोळे गेले असते. एक गेला.

कमिटीची बैठक शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. आम्ही काही मुलं व्हरांड्यात उभी होतो, कोणी हाकललं नाही. बाबलो दाराशी हमसून हमसून रडत होता. "माईंच्या घराक ती कवटी कशी धाडू मी? घासून लखलखीत करून दिलंय हो." कमिटीतल्या एकाने सुचवलं की चोरीच्या आरोपावरून बाबल्याला काढून टाकावं म्हणजे प्रकरण मिटेल. कोठडीला कुलूप होतं, सर शाळेत नव्हते. सरांवर काही येण्याचं कारणच नव्हतं.

सर उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "बाबल्यानं मी दाखवलं तेच पाहिलं," ते म्हणाले. "मी ती बाटली किती दिवस धूत होतो, ते कोणी पाहिलं नाही. मी तिच्यातून पाणी प्यालो, ते सगळ्यांनी पाहिलं. चूक माझी आहे. त्याला काढू नका."

भाऊसाहेब उठले. ते एवढंच म्हणाले, "खोली बंद करा."

बाबल्याची नोकरी राहिली. खोलीला कुलूप लागलं.

जून उजाडला. आम्ही अकरावीत गेलो आणि सर आम्हाला फळ्यावर खडूने प्रयोग शिकवू लागले. काचेच्या नळीचं चित्र, चंचुपात्राचं चित्र, बाणांनी दाखवलेला वायू. दोण कोरडी पडली होती, तिच्यात काजूची पानं साचली होती. टायरच्या वहाणा आत कोंडल्या गेल्या. गाऱ्हाणं तर बंदच झालं. एकदा धड्यात गंधकाम्ल आलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी सवयीने हळूच "होय म्हाराजा" म्हणालं. सरांच्या हातातला खडू मोडला. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि घंटा होईपर्यंत तसेच राहिले. प्रयोगाची परीक्षा देता येणार नाही म्हणून दोन मुलांनी शास्त्र सोडलं. माझ्या वडिलांनी मला एका संध्याकाळी विचारलं, "मगे आता काय करतलस गो?"

सर दर रविवारी सकाळी भाऊसाहेबांच्या घरी जात. अंगणात तुळशीपलीकडे उभे राहत. भाऊसाहेब झोपाळ्यावर बसलेले असत. ते बसाही म्हणत नसत. माई आतून बाहेर येत नसत. थोडा वेळ उभं राहून सर परत फिरत. पावसात छत्री घेऊन उभे राहत. गावातल्या पोरांनी त्यावरून त्यांना नाव ठेवलं, ते मी इथे लिहिणार नाही.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मी शालिनीकडे होते. सर आले, उभे राहिले. आणि माई बाहेर आल्या. त्या दिवसानंतर मी त्यांना प्रथमच उजेडात पाहिलं. उजव्या गालावर कातडी ओढली गेली होती आणि डोळा मिटलेला होता. त्या पायरीवर बसल्या.

"मास्तरानू, दर आयतवारी येतास. उभे रवतास, जातास. कित्याक?"

सर तुळशीला वळसा घालून एक पाऊल पुढे आले.

"माझो डोळो काय परत येवचो नाय. चुलीकडे बसलंय तर एका बाजूची ठिणगी माका दिसना नाय. तुमच्यावर माझो राग आसा. तो जावचो नाय, ता तुमका सांगून ठेवतंय."

"होय," सर म्हणाले.

"आनंदीक दिलास तेव्हा सगळ्या गावाक सांगूक व्हया होता, ती कशी धुतलास ता. पाणी पिऊन दाखवलास, ती कसली रीत?"

"चुकलं माझं."

माईंनी पदराने डोळा पुसला. मग त्या भाऊसाहेबांकडे वळल्या. "ह्या चेडवान माझ्यावर पाणी ओतल्यान. सगळी गाळी घालीत होती तिका, मीसुद्धा घातलंय. ह्येच्या खोलयेत बोंबलाक शिकला म्हणान तिका ता समाजला. उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी घरात असा झाला तर थंय कोण आसतला पाणी ओतूक? उघडा ती खोली."

झोपाळा थांबला. भाऊसाहेब म्हणाले, "आणि हे मास्तर?"

माई सरांकडे वळल्या. "मास्तर शिकवंदेत. पण त्या खोलयेची चावी तुमच्या हातात नको, मास्तरानू. तुमका कोणाक नाय म्हणूक येणा नाय. इतकी वर्सां म्हणालास, आणि एक दिस आला नाय."

मला वाटलं सर आता काहीतरी सांगतील. आनंदीबायचं उपाशी पोट, पायरीवरची ती दुपार. त्यांनी फक्त हात जोडले. "बरोबर आहे," ते म्हणाले.

दिवाळीनंतर खोली उघडली. प्रयोगांसाठी कोल्हापूरकडून एक तरुण शिक्षक आले. किल्ली हेडमास्तरांच्या टेबलात राहू लागली. सर गणित आणि रसायनाचे धडे शिकवीत, प्रयोगाच्या तासाला शिक्षकांच्या खोलीत बसत. त्या तरुण शिक्षकांना त्यांनी एकच विनंती केली होती, ती आम्हाला पहिल्याच दिवशी कळली. ते टेबलामागे उभे राहिले, संकोचाने हात जोडले आणि परक्या उच्चारात म्हणाले, "बा देवा म्हाराजा." आम्ही हसलो नाही. आम्ही सगळ्यांनी जाब दिला.

मी कोल्हापूरला मामाकडे राहून शिकले. पदवीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन गावी आले आणि घरी टेकायच्या आधी शाळेत गेले. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते. ते शिक्षकांच्या खोलीत नव्हते. बाबलो म्हणाला, "मागे आसतीत, काजूकडे." बाबल्याचे केस आता पांढरे झाले होते.

मागच्या बाजूला सर प्रयोगशाळेच्या खिडकीखाली उभे होते. मी वाकून नमस्कार केला, पुडा पुढे केला, निकाल सांगितला. त्यांनी पेढा हातात धरला, आणि माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघत विचारलं, "तिथे प्रयोगशाळेत पायांत काय घालता?"

"बूट, सर."

"मापाचे?"

"मापाचे."

"छान," ते म्हणाले. आणि मग पेढा खाल्ला.

तेवढ्यात आतून गाऱ्हाणं सुरू झालं. नवीन मुलं, कोवळे आवाज. तरुण शिक्षक आता नवखे राहिले नव्हते आणि त्यांचा सूरही आमच्या मातीत मुरला होता. "आधी पाणी, मागसून आम्ल, म्हाराजा!" "मागसून" त्यांनी चांगला लांबवला. खिडकीतून सगळ्यांचा मिळून "होय म्हाराजा!" आला. मी नकळत पुटपुटले. सरांचे ओठ हलले नाहीत. ते डोळे मिटून ऐकत होते, तो म्हातारा गावकर एकदा आमचं ऐकत बसला होता तसे.

"तेल?" "नाय म्हाराजा!" "मुठेल?"

मुलं अडखळली. आम्ही अडखळलो होतो तिथेच. सरांनी डोळे उघडले. आतून जाब येईपर्यंत ते श्वास धरून उभे होते.

"नाय म्हाराजा!"

मग ते खड्ड्याकडे वळले. पावसाने वरची माती वाहून गेली होती आणि मातीतून जुन्या तपकिरी काचेचा एक तुकडा वर आला होता. थोड्या वेळाने मधली सुट्टी होणार होती. मुलं वहाणा दाराशी काढून ठेवून अनवाणी या काजूखाली धावत येणार होती. सर गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले. त्या गुळगुळीत बोटांनी त्यांनी तो तुकडा उचलला, रुमालात गुंडाळला, कोटाच्या खिशात ठेवला, आणि माती चाचपत दुसरा शोधू लागले.